वेदीच्या जागी रंगमंच : ख्रिस्तमंदिराचे नाट्यगृह होते तेव्हा

अहिल्यानगर जिल्ह्यातील (आपल्यापैकी बहुतेकांच्या तोंडी अजूनही 'नगर' जिल्ह्यातील) धर्मग्रामांत गेली काही वर्षे एक प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतो. गावात नवे, प्रशस्त ख्रिस्तमंदिर उभे राहते. मग जुन्याचे काय करायचे? तरुण मंडळी म्हणतात, पूर्वेच्या भिंतीला लागून चौथरा बांधू, पडदा लावू, नाताळच्या नाटिका, पथनाट्याच्या तालमी, संमेलने सारे तेथे होईल. यावर मागच्या रांगेतून एखादी आजी उठते आणि विचारते, "जिथं माझा बाप्तिस्मा झाला, जिथं माझं लग्न लागलं, तिथं आता तुम्ही नाटकं करणार का?" सभेत शांतता पसरते, कारण दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे असते.

हा प्रश्न केवळ आपल्या गावचा नाही, आणि नवा तर मुळीच नाही. वेदीच्या जागी रंगमंच येण्याचा इतिहास चार शतकांहून जुना आहे. तो समजून घेतला, तर त्या आजींना आणि त्या तरुणांनाही काही उत्तर देता येईल, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

आधी आपल्याच जिल्ह्याची एक गोष्ट ध्यानात घेऊ. आपल्याकडील अनेक खेड्यांत उपासना आधी सुरू झाली आणि ख्रिस्तमंदिर मागाहून आले. मिशनची एका खोलीची शाळा असे; आठवडाभर तेथे पाढे घुमत आणि फादर आले की त्याच खोलीत फळा भिंतीकडे फिरवून, टेबलावर शुभ्र वस्त्र अंथरून मिस्साबलिदान होई. म्हणजे लौकिक वास्तूला पावित्र्याचा स्पर्श होणे आपण पाहिलेले आहे. आज प्रश्न उलट्या प्रवासाचा आहे, आणि उलटा प्रवास नेहमीच अधिक दुखावणारा असतो.

महाराष्ट्रात अशा उलट्या प्रवासाचे ठळक उदाहरण पाहायचे तर मुंबईत परळला जावे लागेल. आज जेथे हाफकिन संस्था आहे, त्या जुन्या इमारतीच्या पोटात पोर्तुगीजकालीन ख्रिस्तमंदिर दडलेले आहे. इंग्रज डॉक्टर जॉन फ्रायर १६७०च्या दशकात मुंबईत आला, तेव्हा परळ येथे येशूसंघीयांचे चर्च व जमीनजुमला असल्याची नोंद त्याने केली. पुढे इंग्रजांनी ही मालमत्ता ताब्यात घेतली. बहुतेक इतिहासकार ही घटना १७१९च्या सुमारास, गव्हर्नर चार्ल्स बून यांच्या कारकिर्दीत झाल्याचे सांगतात. काळ लक्षात घेण्यासारखा आहे: लगेच पुढच्या वर्षी, १७२० साली, ईस्ट इंडिया कंपनीने गोव्याच्या आर्चबिशपांच्या अधिकाराखालील पोर्तुगीज धर्मगुरूंना मुंबईबाहेर काढले आणि त्यांच्या जागी कार्मेल संघीयांना आणले. राजकारण आणि उपासना यांची गाठ तेव्हा अशी घट्ट होती.

परळची ती वास्तू गव्हर्नरांचे निवासस्थान झाली. १७७०च्या दशकात विल्यम हॉर्नबी तेथे राहावयास गेले. पुढे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या काळात इमारत वाढली. जेथे भाविक गुडघे टेकत, त्या मंदिराच्या मुख्य दालनाची मेजवानीची खोली झाली आणि वरच्या मजल्यावर नृत्यदालन आले. ज्या छताखाली पूर्वी स्तोत्रे गायिली जात, तेथे वाद्यवृंद वाजू लागला. १८७५ साली इंग्लंडचे युवराज मुंबईस आले तेव्हा त्यांचा मुक्काम येथेच होता. १८८०च्या दशकात गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नीचा पटकीने मृत्यू झाला, आणि मग गव्हर्नरांनी परळ सोडून मलबार हिलची वाट धरली. १८९९ मध्ये डॉ. वाल्डेमार हाफकिन यांची प्लेगविरोधी प्रयोगशाळा या इमारतीत आली, आणि १९२५ साली संस्थेला त्यांचे नाव मिळाले. उपासना, मेजवानी, नृत्य आणि अखेरीस लस! आम्हांला वाटते, एका वास्तूच्या नशिबी इतकी रूपांतरे क्वचितच येत असतील. आणि मेजवानीच्या ताटांपेक्षा लशीच्या कुप्या त्या जुन्या वेदीला अधिक आवडल्या असत्या, असेही आमच्या मनात येऊन जाते.

मात्र परळला झाले ते नृत्यदालन, नाट्यगृह नव्हे. धर्मवास्तूचे खरोखरीचे, आणि तेही जगप्रसिद्ध, नाट्यगृह झाल्याचे उदाहरण पाहण्यासाठी इंग्लंडच्या राजधानीकडे वळावे लागते.

लंडनमध्ये थेम्स नदीच्या काठी 'ब्लॅकफ्रायर्स' नावाचा भाग आहे. डोमिनिकन संघीय पांढऱ्या झग्यावर काळा अंगरखा घालतात. त्यावरून लोक त्यांना 'काळे बंधू' म्हणत, आणि तेच नाव त्यांच्या मठाला व परिसराला चिकटले. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात हा मठ तेथे आला. त्याची दालने इतकी मोठी होती की राजदरबारी सभाही तेथे भरत. १५२९ साली याच मठाच्या दालनात आठवा हेन्री आणि राणी कॅथरीन यांच्या विवाहाच्या वैधतेचा खटला कार्डिनल वुल्झी व कार्डिनल कांपेज्जो यांच्यासमोर चालला. राणी राजासमोर गुडघे टेकून बोलली आणि न्यायालयातून निघून गेली. पोपमहोदयांकडून मनासारखा निर्णय मिळेना, तेव्हा राजाने रोमशी नाते तोडले. नऊ वर्षांनी, १५३८ च्या नोव्हेंबरमध्ये, खुद्द तो मठही राजाच्या स्वाधीन करावा लागला. ज्या दालनात वादाला तोंड फुटले, ते दालनही त्या वादाच्या लाटेतच वाहून गेले.

पुढची कथा तपशिलाने सांगण्यासारखी आहे. मठाचे मोठे चर्च पाडले गेले. आवारातील इमारती सरदार-दरबाऱ्यांच्या हाती गेल्या. राजदरबारच्या करमणूक खात्याचे तंबू, पोशाख आणि सोंगांचे सामान तेथे ठेवले जाऊ लागले. वास्तूत नाटक शिरले ते असे, सामानाच्या रूपाने. १५७६ मध्ये रिचर्ड फॅरंट या संगीतशिक्षकाने मठाच्या काही खोल्या भाड्याने घेऊन तेथे राजाच्या उपासनामंदिरातील गायक मुलांकडून नाटके करवली. नाव तालमीचे, पण प्रेक्षक पैसे देऊन येत. हे पहिले नाट्यगृह काही वर्षांत बंद पडले. मग १५९६ मध्ये नट आणि नाट्यगृहमालक जेम्स बर्बेज याने सहाशे पौंड मोजून मठाचे वरचे मोठे दालन विकत घेतले. सहासष्ट फूट लांब, सेहेचाळीस फूट रुंद. त्यात त्याने रंगमंच, सज्जे आणि बाके बसवली.

येथे आपल्या गावच्या सभेसारखेच घडले. शेजाऱ्यांनी सरकारकडे अर्ज केला की नाट्यगृह नको. कारणांत एक कारण असे होते, की नाट्यगृह चर्चच्या इतके जवळ आहे की ढोल-तुताऱ्यांच्या आवाजाने उपासनेत व्यत्यय येईल. अर्जावर सही करणाऱ्यांत त्या नाटकमंडळीचे आश्रयदाते लॉर्ड हन्स्डनही होते, हा त्यातला गमतीचा भाग! बर्बेज दुसऱ्याच वर्षी निवर्तला. त्याला त्या दालनात एकही प्रयोग पाहता आला नाही. पुढे काही वर्षे तेथे पुन्हा बालनटांची नाटके झाली. १६०८ मध्ये 'किंग्ज मेन' या मंडळीने ते आपल्या ताब्यात घेतले, आणि भागीदारांत एक होता विल्यम शेक्सपिअर.

छत असलेले, मेणबत्त्यांच्या उजेडात चालणारे हे नाट्यगृह हिवाळ्यातही सुरू राही. उघड्यावरच्या 'ग्लोब'मध्ये एका पेनीत उभ्याने नाटक पाहता येई. येथे सर्वांत स्वस्त जागेला सहा पेन्स पडत. मेणबत्त्यांच्या वाती कापण्यासाठी प्रयोगात थांबावे लागे, आणि त्या वेळी संगीत वाजे. शेक्सपिअरने फ्लेचरसह 'आठवा हेन्री' हे नाटक लिहिले. त्यात राणी कॅथरीनच्या खटल्याचा प्रवेश आहे. हे नाटक ब्लॅकफ्रायर्समध्येही झाले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. तसे असेल, तर ज्या वास्तूत खऱ्या राणीने गुडघे टेकले, तेथेच जवळजवळ पंचाऐंशी वर्षांनी राणीच्या वेषातील मुलाने गुडघे टेकले. (स्त्रीभूमिका तेव्हा मुलेच करीत, आपल्याकडच्या जुन्या संगीत नाटकांसारखेच.)

परंतु आम्हां कॅथलिकांच्या काळजाला भिडणारी घटना त्या नाट्यगृहातील नाही. शेजारच्या घरातील आहे. त्या काळी इंग्लंडमध्ये मिस्साबलिदान कायद्याने निषिद्ध होते. नाट्यगृहाचे दार सहा पेन्स देणाऱ्या सर्वांना उघडे होते. त्याच जुन्या मठाच्या आवारात फ्रेंच राजदूतांचे घर होते, आणि तेथे मात्र श्रद्धावंतांना गुपचूप जमावे लागे. २६ ऑक्टोबर १६२३ रोजी, रविवारी दुपारी, त्या घराच्या वरच्या मजल्यावर येशूसंघीय फादर रॉबर्ट ड्रुरी यांचे प्रवचन ऐकण्यासाठी शेकडो भाविक दाटीवाटीने जमले होते. भाराने मुख्य तुळई मोडली आणि मजला खाली कोसळला. स्वतः फादर ड्रुरी यांच्यासह नव्वदहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. मृतांपैकी अनेकांना शहरातल्या दफनभूमीत जागाही मिळाली नाही. त्याच आवारात खड्डे खणून त्यांना पुरावे लागले. ज्यांच्या पूर्वजांनी उभारलेल्या मठात नाटक राजरोस चालत होते, त्यांना प्रार्थनेसाठी माळा शोधावा लागत होता. नाट्यगृह झाले, एवढ्याने कोणाचे वाईट झाले नाही. वाईट झाले ते वास्तू हिरावून घेतली गेली म्हणून, आणि प्रार्थनेला पर्यायी जागा उरली नाही म्हणून.

१६४२ मध्ये सत्तेवर आलेल्या कर्मठ पक्षाने सगळीच नाट्यगृहे बंद केली, आणि १६५५ मध्ये ब्लॅकफ्रायर्स पाडले गेले. आज तेथे 'प्लेहाउस यार्ड' हे एका गल्लीचे नाव उरले आहे.

सर्वच रूपांतरे बळजबरीची नव्हती. मिलानमधील जगप्रसिद्ध 'ला स्काला' या संगीत नाट्यगृहाचे नाव कोठून आले? तेथे पूर्वी 'सांता मारिया अल्ला स्काला' हे पवित्र मरियेचे चर्च होते. जुने राजनाट्यगृह १७७६ मध्ये जळाले. नवे बांधण्यासाठी हे चर्च पाडण्यात आले, आणि १७७८ साली पडदा उघडला. नाव मात्र चर्चचेच राहिले. आजही तेथे गाणाऱ्या किती जणांना ते ठाऊक असेल, कोण जाणे!

येथे कोणी असा समज करून घेऊ नये, की नाटक आणि ख्रिस्तसभा यांचे वैर आहे. युरोपातील नाटकाचा एक मोठा झरा वेदीपाशीच फुटला. दहाव्या शतकातील इंग्लंडमधील मठांच्या नियमपुस्तकात पुनरुत्थानाच्या पहाटेची एक रीत नोंदवली आहे. एक संन्यासी शुभ्र वस्त्र नेसून, हातात पामवृक्षाची फांदी घेऊन कबरीच्या जागी बसे. तिघे जण धूपदाने घेऊन काही शोधत असल्यासारखे हळूहळू तेथे येत, आणि मग दूत व त्या स्त्रिया यांच्यातील संवाद गाऊन होई. अभ्यासक यालाच मध्ययुगीन नाटकाची पहिली पावले समजतात. गोव्यातही सोळाव्या शतकात येशूसंघीयांच्या महाविद्यालयात नाटके होत. आणि पोप दुसरे जॉन पॉल तरुणपणी क्राकोव्ह येथे, जर्मन अंमलाखाली, घराघरांतून लपूनछपून होणाऱ्या नाट्यप्रयोगांत काम करीत असत, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत आहेच.

मराठी मनाला तर हे नाते अधिकच जवळचे आहे. देवळाच्या सभामंडपात कीर्तन होते, कोकणात देवळासमोर दशावतार उभा राहतो, गोव्यात जत्रेला नाटक लागतेच. परंतु तेथे देव गाभाऱ्यातच असतो आणि खेळ मंडपात. आपल्या ख्रिस्तमंदिराची रचना वेगळी आहे: वेदी आणि मंडळी एकाच छताखाली, एकाच दालनात. म्हणून आपल्याकडे प्रश्न अधिक नाजूक होतो, आणि म्हणूनच ख्रिस्तसभेने त्याचे नियम घालून दिले आहेत.

हे नियम कठीण नाहीत. फक्त ते फारसे कोणी वाचत नाही. १९८३ च्या धर्मसंहितेतील १२२२ वा नियम सांगतो, की एखादे चर्च उपासनेसाठी वापरणे कोणत्याही प्रकारे शक्य नसेल आणि त्याची दुरुस्तीही होऊ शकत नसेल, तर बिशप ते लौकिक वापरासाठी देऊ शकतात. मात्र तो वापर हीन असता कामा नये. अन्य गंभीर कारण असेल तर बिशपांनी आधी धर्मगुरूंच्या सल्लागार मंडळाचे मत ऐकावे लागते, त्या चर्चवर ज्यांचा कायदेशीर हक्क आहे त्यांची संमती घ्यावी लागते, आणि आत्म्यांच्या हिताला बाधा येणार नाही याची खात्री करावी लागते. म्हणजे धर्मग्राम समितीने ठराव केला, फादरांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी गवंडी आला, असे चालत नाही. खेड्यातील छोटे प्रार्थनालयदेखील (संहितेच्या भाषेत 'ओरेटरी') वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय लौकिक वापरात आणता येत नाही. हे १२२४ व्या नियमात आहे. आपल्या जिल्ह्यासाठी हाच नियम सर्वांत महत्त्वाचा, कारण आपल्याकडे अशी छोटी मंदिरे पुष्कळ आहेत. अहिल्यानगर जिल्हा १९८७ पासून नाशिक धर्मप्रांतात आहे. तेव्हा हा निर्णय नाशिकच्या बिशपांकडे जातो.

आणि निर्णय पटला नाही तर? एकमेकांशी अबोला धरण्याची गरज नाही. अशा निर्णयाचा लेखी हुकूम काढावा लागतो आणि त्यात कारणे द्यावी लागतात. ज्या श्रद्धावंताला तो अन्यायकारक वाटतो, त्याने हुकूम कळल्यापासून दहा दिवसांच्या आत खुद्द बिशपांकडे फेरविचाराची लेखी विनंती करायची. तेथे समाधान झाले नाही तर पंधरा दिवसांच्या आत रोमकडे दाद मागता येते. मुदत लहान आहे, म्हणून ती आधीच ठाऊक असावी.

ठरल्यावर काय करायचे? पवित्र साक्रामेंत नव्या मंदिरात न्यायचे. संतांचे अवशेष, पवित्र पात्रे, मूर्ती आणि क्रूसमार्गाची चित्रे आदराने हलवायची. वेदीच्या बाबतीत मात्र अनेकांची गफलत होते. १२३८ व्या नियमाप्रमाणे चर्च लौकिक वापराला दिले गेले, तरी त्यामुळे वेदीचे पावित्र्य संपत नाही. तेव्हा दगडी वेदीवर ध्वनिक्षेपक ठेवायचा किंवा तिच्या पायऱ्या रंगमंचाला वापरायच्या, हे मुळीच करू नये. ती आधी तेथून हलवायला हवी.

रोममध्ये २०१८ च्या नोव्हेंबरात परमधर्मपीठाच्या संस्कृतिविषयक मंडळाने याच विषयावर परिषद भरवली होती. तिच्या मार्गदर्शक सूत्रांचा कल स्पष्ट आहे: वापर बदलणे अटळच असेल तर सांस्कृतिक वा सामाजिक उपयोगाला प्राधान्य द्यावे, नफेखोरीच्या व्यापारापासून दूर राहावे. नाटकाचे सभागृह या कसोटीला उतरू शकते. रोज रात्री कर्णकर्कश संगीतावर चालणारे लग्नाचे भाड्याचे कार्यालय उतरेल का, याबद्दल आम्हांला दाट शंका आहे. उत्पन्न चांगले मिळते, हे मान्य. पण मग त्या आजींसमोर उभे राहायचे कोणत्या तोंडाने?

एक तिसरी वाटही आहे. चर्च चर्चच राहू द्यायचे आणि प्रसंगी त्यात संगीताला जागा द्यायची. जुन्या गोव्यातील टेकडीवर 'अवर लेडी ऑफ द माउंट' हे प्राचीन प्रार्थनामंदिर आहे. 'फुंदासांव ओरिएंत' या संस्थेच्या पुढाकाराने त्याचा जीर्णोद्धार झाला, आणि या शतकाच्या आरंभापासून तेथे दरवर्षी 'मोंते संगीत महोत्सव' होत आला आहे. मांडवीवर सूर्य मावळत असताना अंगणात गायन-वादन चालते. चर्चमधील अशा मैफलींसाठी रोमने १९८७ सालीच सूचना दिल्या होत्या: बिशपांकडे आगाऊ लेखी अर्ज करावा, प्रवेश विनामूल्य असावा, कलावंतांनी वेदीच्या चौथऱ्यावर बसू नये, पवित्र साक्रामेंत शक्यतो बाजूच्या दालनात ठेवावा आणि कलाकार-श्रोत्यांचा वेश व वागणे त्या जागेला साजेसे असावे. नाताळच्या नाटिकेपुरताच प्रश्न असेल, तर अनेक गावांना ही तिसरी वाटच पुरेशी ठरेल, असे आमचे मत आहे.

आता पुन्हा त्या आजींकडे येऊ. त्यांचा बाप्तिस्मा ज्या भिंतींमध्ये झाला त्या भिंती उद्या सभागृहाच्या झाल्या, तरी बाप्तिस्म्याचे रजिस्टर धर्मग्रामाच्या दप्तरातच राहते; धर्मसंहितेप्रमाणे ते जपून ठेवणे हे धर्मग्रामाचे कर्तव्य आहे. बाप्तिस्म्याचे जुने दगडी कुंड नव्या मंदिरात आणून बसवता येते. आम्ही पाहिलेल्या एका गावी तसे केले आहे. कुंडाची कड एका बाजूला झिजलेली आहे. पाणी ओतताना फादर हात टेकत ती तीच बाजू, असे तेथील जुने लोक सांगतात.